अर्ध्या वॅटचे परवानामुक्त वॉकीटॉकी: सोलापूरच्या माळावर घेतलेली पारख

फोर बाय फोर गाडी घेतल्यानंतर माणूस सर्वप्रथम टायर, मग विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारे यंत्र) आणि मग छतावरचे दिवे यांच्या मागे लागतो. दोन गाड्यांनी आपापसांत बोलायचे कसे, हा प्रश्न त्याला बहुधा पहिली गाडी ओढ्यात रुतल्यावर आणि दुसरी गाडी नेमकी पुढे निघून गेल्यावर पडतो. या परीक्षणाचा विषय त्या प्रश्नाचे सर्वांत सोपे, कायदेशीर आणि तुलनेने स्वस्त उत्तर आहे: ४४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालणारे, अर्ध्या वॅटचे, हातात धरायचे परवानामुक्त वॉकीटॉकी. आमच्या गटात एक थार, एक जुनी जिप्सी, एक जिम्नी आणि एक बोलेरो कॅम्पर अशा गाड्या असतात. या चारही गाड्यांमध्ये हे सेट उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

एका कंपनीचे नाव घेऊन हे परीक्षण लिहिलेले नाही, आणि त्यामागे कारण आहे. या वर्गातील सेटची वारंवारता, शक्ती आणि अँटेनाचे स्वरूप नियमांनीच बांधून टाकलेले असल्यामुळे दोन कंपन्यांच्या सेटमध्ये पल्ल्याचा म्हणावा असा फरक पडत नाही. फरक पडतो तो बॅटरी, स्पीकर, धूळपाण्यापासूनचे संरक्षण आणि बटणांची रचना यांत. आमच्याकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट आहेत आणि ते एकमेकांशी विनातक्रार बोलतात. म्हणून पुढे जे गुणदोष सांगितले आहेत, ते या संपूर्ण वर्गाचे समजावेत.

मोबाइल असताना हे हवे कशाला, असे सोलापुरात हमखास विचारले जाते, आणि प्रश्न रास्त आहे. आपला जिल्हा सह्याद्रीच्या दऱ्यांसारखा नाही. माळावर उभे राहिले तर कुठे ना कुठे टॉवर दिसतोच. परंतु रस्त्याबाहेरच्या प्रवासातला संवाद फोनवरच्या संवादापेक्षा मुळातच वेगळा असतो. पुढच्या गाडीला पाणंदीत आडवे पडलेले बाभळीचे खोड दिसले, तर ते मागच्या तिन्ही गाड्यांना एकाच वेळी आणि पुढच्या दोन सेकंदांत कळायला हवे. फोन लावून, घंटी वाजून, समोरच्याने उचलून मग ते कळणे उपयोगाचे नाही. कॉन्फरन्स कॉल लावून ठेवण्याचा मार्ग काही जण सुचवतात, पण इंजिनाच्या आवाजात चार फोन एकत्र चालू ठेवले की कोण काय बोलते हेच समजत नाही आणि एकाचा फोन तुटला की पुन्हा जुळवाजुळव करावी लागते. इंटरनेटवर चालणाऱ्या वॉकीटॉकी ॲपचीही तीच गत आहे, कारण त्यांना नेटवर्क लागतेच आणि आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो. वाट दाखवणारा माणूस ‘थांबा’ म्हणतो आणि तो शब्द चालकाच्या कानी पोचेपर्यंत चाक दगडावर चढलेले असते.

आता कायद्याविषयी, कारण याबाबतीत बाजारात जेवढा गोंधळ आहे तेवढा दुसऱ्या कशातही नाही. भारतात वायरलेस सेट बाळगणे आणि वापरणे ही मुळात परवान्याची बाब आहे. दूरसंचार विभागाचा वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विभाग, ज्याला सगळे डब्ल्यूपीसी म्हणतात, तो या वारंवारतांचा कारभार पाहतो. कमी शक्तीच्या, जवळच्या पल्ल्याच्या साधनांना परवान्यातून सूट देणारे नियम २०१८ मध्ये निघाले आणि त्यांत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा वैयक्तिक वॉकीटॉकीसाठी मोकळा झाला. म्हणजे या पट्ट्यातच चालणारा, ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेतला आणि डब्ल्यूपीसीची उपकरण-मान्यता, म्हणजे ज्याला ईटीए म्हणतात ती मिळालेला सेट असेल, तर वापरणाऱ्याला स्वतःचा परवाना काढावा लागत नाही. या तिन्ही अटी एकत्र पाळल्या जायला हव्यात. केवळ खोक्यावर ‘लायसन्स फ्री’ असे छापलेले असणे पुरेसे नाही.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की सोलापुरात वॉकीटॉकी मागितला की बहुतेक ठिकाणी समोर येतो तो पाच वॅटचा, दोन पट्ट्यांत चालणारा चिनी सेट. बाओफेंगचा यूव्ही-५आर हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना आहे. सेट म्हणून तो वाईट नाही, आणि हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून रेडिओवर बोलण्याचा, परवाना असलेल्यांनी जगभर तो वापरला आहे. परंतु तो १३६ ते १७४ आणि ४०० मेगाहर्ट्‌झच्या पुढच्या विस्तृत पट्ट्यात कोठेही लावता येतो, आणि त्या पट्ट्यात पोलीस, इतर सरकारी यंत्रणा आणि खासगी परवानाधारक यांच्या वारंवारता असतात. तो ४४६ वर लावून ठेवला म्हणून परवानामुक्त ठरत नाही, कारण त्याची शक्ती जास्त आहे, अँटेना सुटा आहे आणि वारंवारता वापरणाऱ्याच्या हातात आहे. ‘सगळेच वापरतात, कोण विचारतंय’ हे दुकानातले उत्तर ऐकून तो घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या तेरा कंपन्यांना अशाच सेटच्या विक्रीवरून नोटिसा बजावल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस विक्रीसंबंधी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. सेट कोणत्या वारंवारतेवर चालतो आणि त्याला परवाना लागतो की नाही, हे ग्राहकाला न सांगता तो विकणे हाच त्यातला मुख्य आक्षेप होता.

आणखी एक वाट आपल्याकडे नेहमीची आहे. अमेरिकेत असलेला भाचा किंवा पुतण्या सुट्टीला येताना तिथला वॉकीटॉकीचा जोड घेऊन येतो. तिकडचे हे घरगुती सेट ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्‌झवर चालतात, आणि तो पट्टा आपल्याकडे मोकळा नाही. युरोपातून आणलेला सेट ४४६ वर चालतो खरा, पण त्याच्या उपकरण-मान्यतेचा प्रश्न उरतोच. भेट म्हणून आलेली वस्तू कपाटात ठेवावी, माळावर नेऊ नये.

आता पल्ल्याकडे वळतो. या वर्गातील सेटच्या खोक्यावर आठ किंवा दहा किलोमीटर असा आकडा छापलेला असतो. तो पूर्ण खोटा नाही, पण ज्या परिस्थितीत तो खरा ठरतो ती परिस्थिती गाडीत बसलेल्या माणसाच्या वाट्याला जवळजवळ कधीच येत नाही. ४४६ मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे ६७ सेंटिमीटर लांबीची असते आणि ती साधारणपणे सरळ रेषेत, नजरेच्या टप्प्यात जाते. जमिनीपासून दीड मीटरवर धरलेल्या अँटेनाचे रेडिओ क्षितिज, म्हणजे लहर जिथवर सरळ पोचू शकते ती सीमा, सुमारे पाच किलोमीटरवर असते, समोरच्याचेही तेवढेच. दोन्ही मिळून दहा किलोमीटर होतात, आणि तेही मधे ना झाड, ना घर, ना उंचवटा अशा आरशासारख्या सपाट भूमीवर. खोक्यावरचा आकडा बहुधा याच हिशेबातून येतो.

सोलापूरचा माळ सपाट दिसतो, पण तो तसा नाही. दख्खनच्या बेसाल्टवर हलक्या लाटा असाव्यात तसे उंचवटे आणि ओढ्यांचे खोलगट भाग आलटून पालटून येतात, आणि गाडी खोलगट भागात उतरली की सेटचा आवाज तुटू लागतो. आमच्या चाचण्यांमध्ये मोकळ्या, नांगरलेल्या रानात दोघेही गाडीबाहेर उभे असताना दोन किलोमीटरपर्यंत बोलणे स्वच्छ झाले आणि त्यापुढे अडीचपर्यंत खरखरीसह कळत राहिले. तीच माणसे गाडीत बसून, काचा वर करून बोलू लागली तेव्हा तोच पल्ला एका किलोमीटरच्या आत आला. गाडीचा पत्रा लहर अडवतो आणि ती काचांमधूनच काय ती बाहेर पडते. सेट डॅशबोर्डवर किंवा मांडीवर न ठेवता काचेजवळ उभा धरला तर लक्षणीय सुधारणा होते, आणि तो हात खिडकीबाहेर काढून धरला तर आणखी होते. धुळीत हे करावेसे वाटत नाही, ही वेगळी गोष्ट.

सर्वांत वाईट अनुभव उसाचा. मोहोळ आणि माढ्याकडच्या पट्ट्यात पाटाच्या कडेने गाड्या नेत असताना दोन्ही बाजूंना उभा ऊस होता, आणि मधे उसाचा एकच मोठा फड आला तरी तीनचारशे मीटरवर आवाज विरू लागला. पाण्याने भरलेली हिरवी पिके या वारंवारतेच्या लहरी चांगल्याच शोषून घेतात. ज्वारी काढून झालेल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात नेमकी उलट स्थिती होती, तिथे मधे अडवणारे काहीच नव्हते. आणि तुळजापूरच्या घाटाच्या कडेवर उभे राहून पायथ्याच्या सपाटीवरील गाडीशी बोललो तेव्हा खोक्यावरच्या आकड्याच्या बरेच जवळ गेलो. म्हणजे तोच सेट, तीच बॅटरी, पण एक माणूस उंचावर गेला की पल्ला कित्येक पटींनी वाढतो. शहरात, सात रस्ता किंवा नवी पेठेसारख्या दाट वस्तीत, मात्र हा सेट दोन गल्ल्यांच्या पुढे फारसा उपयोगी नाही.

नान्नजचे माळढोक अभयारण्य आणि त्याभोवतालची राखीव गवताळ राने या चाचण्यांतून आम्ही पूर्णपणे वगळली, कारण तिथे गाडी रस्त्याबाहेर नेणे योग्य नाही, मग हातात कोणताही रेडिओ असो. हे सांगावे लागते, कारण ‘मोकळे रान’ म्हटले की काहींच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तेच रान येते.

पल्ला कमी पडतो म्हणून जास्त वॅटचा सेट घ्यावा, हा तर्क वरवर बरोबर वाटतो, पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. अर्ध्या वॅटवरून पाच वॅटवर गेल्यास शक्ती दहापट होते. लहरी पूर्णपणे मोकळ्या अवकाशातून गेल्या असत्या तर अंतर साधारण तिपटीने वाढले असते. पण जमिनीलगत दोन्ही अँटेना कमी उंचीवर असताना जमिनीवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीला खाते आणि शक्ती अंतराच्या चौथ्या घाताने घटत जाते, त्यामुळे दहापट शक्तीतून अंतर जेमतेम पावणेदोन पट मिळते. आणि मधे टेकडी असेल तर तेवढेही नाही. गाडीच्या रेडिओचा खरा प्रश्न शक्तीचा नसून अँटेना कोठे आहे याचा आहे. छताच्या मधोमध बसवलेला साधा चुंबकी अँटेना जे काम करतो ते सीटवर पडलेला पाच वॅटचा सेट करू शकत नाही. दुर्दैवाने या परवानामुक्त सेटचा अँटेना सेटलाच कायमचा जोडलेला असतो, तो काढून छतावरचा लावता येत नाही. हा या वर्गाचा सर्वांत मोठा दोष आहे आणि तो कोणत्याही कंपनीला दूर करता येणार नाही, कारण तो नियमाचाच भाग आहे.

मग एवढ्या मर्यादा असूनही मी हे सेट घ्या असे का म्हणतो? कारण रस्त्याबाहेरच्या प्रवासात ज्या क्षणी रेडिओची खरी गरज असते, तो क्षण बहुतेक वेळा पन्नास मीटर ते पाचशे मीटर अंतरातला असतो. ओढ्याच्या उतारावर किंवा खडकाळ चढावर एक जण खाली उतरून पुढे चालतो आणि चालकाला चाक कोठे टाकायचे ते सांगतो. चालकाला बॉनेटच्या पलीकडचे दहा फूट दिसतच नाहीत. एरवी हे काम हातवाऱ्यांवर आणि आरडाओरड्यावर चालते, आणि इंजिन जोरात असताना ‘डावीकडं’ आणि ‘उजवीकडं’ यांतला फरक ऐकू येत नाही. एक सेट वाट दाखवणाऱ्याच्या हातात आणि एक चालकाशेजारी बसलेल्याच्या हातात असला की ‘थार, थांबा. थोडं मागं. आता डावं चाक दगडावर घ्या, सावकाश’ एवढे शांतपणे सांगता येते. विंचने गाडी ओढताना तर हे जवळजवळ अनिवार्य मानावे, कारण दोराच्या ताणाजवळ कोणी उभे राहू नये, आणि दूर उभे राहायचे तर आवाज पोचवायला साधन हवे. या एका उपयोगासाठी मी या सेटना पूर्ण गुण देईन.

दुसरा उपयोग ताफ्यातल्या प्रवासाचा. सर्वांत पुढची गाडी रस्ता पाहते, सर्वांत मागची गाडी कोणी मागे राहिले नाही ना हे पाहते, आणि या दोघींकडे सेट हवाच. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या धुळीमुळे मागच्या गाडीला पुढची दिसत नाही आणि अंतर वाढवावे लागते, तेव्हा ‘पाणंद संपली, उजवीकडं वळलो’ एवढे सांगितले तरी चुकामूक टळते. पावसाळ्यात गरज वेगळी असते. पहिल्या पावसानंतर काळी माती टायरच्या नक्षीत भरून चाक गुळगुळीत होते, आणि पहिली गाडी त्या पट्ट्यातून कशी गेली हे कळल्याखेरीज दुसरीने त्यात शिरू नये. चारपाच गाड्यांचा ताफा एका किलोमीटरच्या आत राहिला तर हे सेट पुरतात. ताफा विखुरला की पुरत नाहीत, आणि मग मधल्या गाडीने निरोप पुढे सांगण्याची जुनी पद्धत वापरावी लागते.

सेट चालवताना एक कायद्याची बाजू आहे जी फारसे कोणी लक्षात घेत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चालवताना हातात धरलेले संवादाचे साधन वापरणे हे धोकादायक वाहनचालनात मोडते, आणि ‘संवादाचे साधन’ हे शब्द केवळ मोबाइलपुरते नाहीत. म्हणून सोलापूर-विजयपूर किंवा पुणे-हैदराबाद महामार्गावरून माळाकडे जाताना सेट शेजारी बसलेल्याच्या हातात असावा. सुरक्षेच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे.

आता सेटच्या बांधणीविषयी. या वर्गातील सेट दोन प्रकारांत मोडतात. एक, साधे पांढरपेशे सेट, जे घरच्या बागेत किंवा बाजारात मुलांना हाताशी ठेवण्यासाठी बनवलेले असतात. दुसरे, पाणी आणि धूळ सहन करणारे, ज्यांवर आयपी असे लिहून दोन अंकी आकडा दिलेला असतो. या आकड्यातला पहिला अंक धुळीपासूनच्या आणि दुसरा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा असतो. सोलापुरासाठी पहिला अंक अधिक महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच बरेच उत्पादक सांगत नाहीत. त्याच्या जागी फुली असते, म्हणजे धुळीची परीक्षा घेतलेलीच नसते. उजनीच्या पाणपसाऱ्याच्या कडेला सेट पाण्यात पडण्याची भीती जेवढी आहे, त्याहून अधिक भीती मे महिन्यात स्पीकरच्या जाळीत आणि बोलण्याच्या बटणाखाली जाणाऱ्या बारीक काळ्या धुळीची आहे. आमच्या साध्या सेटचे बटण पहिल्याच उन्हाळ्यात कचकचू लागले, तर ज्यांच्यावर धुळीचा अंक होता त्यांना काहीही झाले नाही.

उष्णतेचा विचार मात्र एकाही माहितीपत्रकात समाधानकारक केलेला नसतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणे नित्याचे आहे, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवरील तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. लिथियम बॅटरीचे आयुष्य अशा उष्णतेत घटते. सेट डॅशबोर्डवर न ठेवता सीटखाली किंवा दाराच्या कप्प्यात ठेवणे एवढाच उपाय आहे. ज्या सेटमध्ये घरगुती पेन्सिल सेलही चालतात, तो मी अधिक पसंत करतो, कारण चार्जिंग संपले तर मंद्रूपच्या किंवा करमाळ्याच्या कोणत्याही किराणा दुकानात सेल मिळतात. दिवसभर मधूनमधून बोलण्याइतकी बॅटरी सगळ्याच सेटमध्ये टिकते. यूएसबीवर चार्ज होणारा सेट असेल तर गाडीतल्या गाडीत चार्ज करता येतो, त्यामुळे वेगळ्या टेबल-चार्जरचा आग्रह धरू नये.

स्पीकरचा आवाज हा दुर्लक्षित पण निर्णायक मुद्दा आहे. जिप्सीच्या उघड्या केबिनमध्ये, खाली आलेल्या गिअरमध्ये इंजिन ओरडत असताना, लहान सेटचा आवाज ऐकूच येत नाही. ज्या सेटला बाहेरून कॉलरवर लावायचा माइक-स्पीकर जोडता येतो तो घ्यावा. आवाजाने आपोआप चालू होणारी, बटण न दाबता बोलण्याची सोय मात्र गाडीसाठी निरुपयोगी आहे, कारण ती इंजिनाच्या आणि वाऱ्याच्या आवाजानेही चालू होते आणि मग सगळ्यांना तुमचे इंजिन ऐकत बसावे लागते. ती पहिल्या दिवशीच बंद करावी.

चॅनेल आणि ‘कोड’ यांविषयी थोडे. अलीकडच्या सेटमध्ये सोळा चॅनेल असतात, जुन्यांत आठ. त्यासोबत कोडची लांबलचक यादी असते, आणि माहितीपत्रक त्यांना खासगीपणाचे कोड म्हणते. ही शुद्ध दिशाभूल आहे. हा कोड म्हणजे आवाजाखाली मिसळलेला एक हळू स्वर असतो, आणि तो जुळला नाही तर सेट आपला स्पीकर बंद ठेवतो, एवढेच. कोड न लावलेल्या सेटवर त्याच चॅनेलवरचे कोणालाही तुमचे बोलणे ऐकू येते. तेव्हा गाडीत कोणाकडे किती रोकड आहे, घर बंद आहे का, असले काही या सेटवर बोलू नये. ‘माझा सेट ऐकतो पण माझे कोणाला ऐकू जात नाही’ ही नवख्यांची नेहमीची तक्रारही बहुधा याच कोडमुळे येते: एकाने कोड लावलेला असतो आणि दुसऱ्याने नाही. निघण्यापूर्वी सगळे सेट एका चॅनेलवर, कोडशिवाय लावून घ्यावेत आणि मग बटण दाबल्यावर अर्धा क्षण थांबून बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ‘थांबा’ मधला ‘थां’ कापला गेला की उरतो तो केवळ ‘बा’, आणि त्यावरून कोणताही चालक थांबत नाही.

यापुढे जायचे असेल तर पर्याय कोणते? २७ मेगाहर्ट्‌झचा सिटिझन्स बँड, म्हणजे सर्वसामान्यांना आपापसांत बोलण्यासाठीचा पट्टा, आपल्याकडेही पाच वॅटपर्यंत परवान्याविना खुला आहे आणि परदेशातील जीपवाल्यांची ती जुनी परंपरा आहे, पण आपल्या बाजारात त्याचे सेट सहजासहजी मिळत नाहीत आणि ११ मीटरच्या लहरीला साजेसा अँटेना गाडीवर बाळगणे हा बाभळीच्या रानात एक तापच आहे. साखर कारखाने किंवा सुरक्षा संस्था घेतात तसा ठरलेल्या वारंवारतेचा परवाना हौशी गटासाठी खर्चाच्या आणि कागदपत्रांच्या दृष्टीने अवाजवी आहे. खरा पुढचा टप्पा म्हणजे हौशी रेडिओचा, अर्थात हॅमचा परवाना. बारा वर्षांवरील कोणालाही डब्ल्यूपीसीची परीक्षा देऊन तो मिळवता येतो. रेडिओचे प्राथमिक शास्त्र आणि नियम असे दोन भाग असतात, आणि प्राथमिक श्रेणीसाठी मोर्स संकेताची अट नाही. त्यानंतर १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात छतावरील अँटेनासह कायदेशीरपणे बोलता येते आणि ताफा कितीतरी किलोमीटर विखुरला तरी चालतो. मात्र बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा. एकाने परीक्षा द्यायची आणि पाच जणांनी बोलायचे, असे त्यात चालत नाही. आमच्या गटातील दोघांनी अभ्यास सुरू केला आहे, बाकीचे अर्ध्या वॅटवर समाधानी आहेत, आणि मला दोन्ही बाजू पटतात.

खरेदीविषयी शेवटचे काही. जोडीची किंमत एका बऱ्या ऑफ-रोड टायरपेक्षा कमी असते, त्यामुळे गाडी तेथवर नेणाऱ्यासाठी तो अडथळा नाही. गाड्यांच्या संख्येइतके सेट घेऊन थांबू नये. वाट दाखवायला खाली उतरणाऱ्यासाठी एक वेगळा हवा, नाहीतर गाडीतला सेट घेऊनच तो खाली उतरतो आणि गाडी मुकी राहते. दुकानदाराकडून वारंवारता लिहिलेले पक्के बिल घ्यावे आणि खोक्यावर ईटीएचा उल्लेख आहे का ते पाहावे. तो नसल्यास दुकानदार कितीही गोड बोलला तरी पुढे जाऊ नये. ऑनलाइन मागवल्यास परत करण्याची मुदत संपण्याआधी एक सेट घरी आणि एक गाडीत ठेवून, काचा बंद करून बोलून पाहावे. दुकानात समोरासमोर उभे राहून केलेली परीक्षा काहीच सांगत नाही, कारण तेवढ्या अंतरावर खेळण्यातलाही वॉकीटॉकी चालतो.